वर्षाचे अकरा तास, पंचावन्न गळे

पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत संगीत शिकवतात. गायनात विशारद. पाचवी ते आठवी, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या, तुकडीत पंचावन्नच्या आसपास मुलं, आणि आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका. गेल्या वर्षी जूनपासून त्यांनी अलंकार (‘सारेग, रेगम’ असे स्वरांचे पलटे) आणि भूप राग घेतला. ऑगस्टपर्यंत मुलं कंटाळली, मागच्या बाकांवर दंगा सुरू झाला. नोव्हेंबरपासून गॅदरिंगची तयारी लागली आणि ‘चांगल्या आवाजाची’ तीसेक मुलं सोडून बाकीच्यांचा संगीताशी संबंधच सुटला. यंदा मुख्याध्यापकांनी वार्षिक नियोजन मागितलं आहे, शिवाय ‘जमतील तेवढी मुलं प्रारंभिक परीक्षेला (गांधर्व मंडळाच्या पहिल्या संगीत परीक्षेला) बसवा’ अशी सूचना आहे. पालकांना कराओकेवर सिनेमाची गाणी हवी आहेत. त्या विचारतात: “शास्त्रीय पाया घालू की कार्यक्रम बसवू? आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना सूरच लागत नाही, त्यांचं काय करू?”

उत्तर

ताई, पाया की कार्यक्रम हे नंतर बघू. आधी शाळेचं कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन बसा, कारण तुमच्या नियोजनातली पहिली गडबड तिथेच आहे.

जून मध्यापासून एप्रिलपर्यंत, दिवाळीची सुट्टी वगळून, शाळेचे साधारण ३६ आठवडे धरा. पहिला आठवडा प्रवेश, पुस्तकं, वेळापत्रक यात जातो. घटक चाचण्या, दोन्ही सत्र परीक्षा आणि त्यांच्या आधीची उजळणी मिळून सहा आठवडे गेले. तुमचा वार सोमवार किंवा शनिवार असेल तर सणावारात आणि अर्ध्या शाळेत तीन तासिका बुडतात. गॅदरिंगचे दोन आठवडे, सहल आणि क्रीडा महोत्सव यांचे दोन. उरल्या २२. प्रत्येक तासिकेत मुलं आत येऊन बसेपर्यंत पाच मिनिटं जातात, म्हणजे हातात ३० मिनिटं. बावीस गुणिले तीस म्हणजे ६६० मिनिटं. एका तुकडीला वर्षभरात अकरा तास.

या अकरा तासांत तुम्ही गेल्या वर्षी काय बसवायला निघाला होतात? गुरूंसमोर एकट्याने किंवा दोघातिघांत बसून, रोज घरी रियाज करून जे तुम्ही शिकलात त्याची पहिली पायरी. ती पायरी उत्तम आहे, पण ती रोजच्या रियाजावर उभी आहे. तुमच्या वर्गातलं मूल आठवड्याने परत येतं तेव्हा मधल्या सात दिवसांत त्याने ‘सारेग, रेगम’ एकदाही म्हटलेलं नसतं. म्हणून तुम्हाला दर वेळी शून्यापासून सुरू करावं लागलं, आणि ऑगस्टमध्ये मुलांनी हात टेकले. मुलांचा काही दोष नाही, तुमचाही नाही. अलंकार पाठ व्हायला जेवढी आवर्तनं लागतात तेवढी आठवड्याच्या एका तासिकेत होतच नाहीत.

तेव्हा नियोजनाचा कागद ‘काय शिकवायचं’ इथून सुरू करू नका. ‘मार्चअखेर वर्गातल्या प्रत्येक मुलाला काय करता येईल’ इथून सुरू करा, आणि ती यादी निर्दयपणे लहान ठेवा. एका इयत्तेला पाच ते सहा गाणी, दोन ताल, एक स्वरसमूह. एवढंच. सहा गाणी म्हणजे एका गाण्याला साडेतीन तासिका. एवढ्यात गाणं पाठ होतं, तालात बसतं आणि मूल ते घरी गुणगुणतं. घरी गुणगुणलं की तुमचा रियाजाचा प्रश्न निम्मा सुटला.

आता शास्त्रीय पाया कुठे गेला? तो गाण्याच्या पोटात घाला. पाचवीला भूपाचे पाच स्वर ठेवायला हरकत नाही, उलट तीच निवड बरोबर आहे. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे ग-म आणि नी-सा ही जवळची अर्ध्या स्वराची अंतरं येत नाहीत, आणि पंचावन्न मुलं एकत्र गाताना नेमकी तिथेच घसरतात. पण भूप ‘राग’ म्हणून आरोह-अवरोह-पकड-वादी-संवादी असा वहीत उतरवून घेऊ नका. याच पाच स्वरांत बांधलेली एक प्रार्थना आणि एक बालगीत घ्या. ती पाठ झाली की तिसऱ्या महिन्यात सांगा, ‘तुम्ही जे गाताय त्यात पाचच स्वर आहेत, शोधा पाहू.’ आधी गळा, मग नाव.

इयत्तावार ढाचा असा करता येईल. यातलं तुमच्या गावाला न जुळणारं बदला.

पाचवी: सहा आणि आठ मात्रांची चाल पायांत आणि हातांत, ‘दादरा’, ‘केरवा’ ही नावं वर्षाच्या शेवटी. गाणी लहान पल्ल्याची: ओवी, पाळणा, आश्विनात भोंडल्याची दोन गाणी (खानदेश-विदर्भातल्या शिक्षकांनी इथे भुलाबाईची घ्यावीत). भोंडल्याची गाणी शिकवण्याच्या दृष्टीने सोन्यासारखी आहेत: चार-पाच स्वरांत फिरतात, ओळी पुन्हा पुन्हा येतात, फेर धरल्यामुळे लय पायांत बसते. मुलगेही फेरात येऊ देत. ‘मुलींची गाणी’ म्हणून त्यांना बाहेर बसवलं तर वर्षातल्या सर्वांत सोप्या गाण्यांना अर्धा वर्ग मुकतो.

सहावी: भूप गाण्यांतून पक्का, एक छोटं सरगम गीत, आठ मात्रांचा भजनी ठेका टाळांवर, एक-दोन अभंग. अभंग घेताना मराठीच्या बाईंना विचारून अक्षरं मोजण्याचा पाठ जोडून घ्या. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं असतात. मुलांनी ती बोटांवर मोजली की टाळ कुठे पडतो ते आपोआप कळतं, आणि ‘संगीताच्या तासाचा अभ्यासाला काय उपयोग’ हा स्टाफरूममधला प्रश्नही मिटतो.

सातवी: दुर्गा किंवा सारंग रागाचे स्वर, त्रिताल हाताने (टाळी, खाली), आणि पोवाडा. पोवाड्यात वर्गाचे दोन गट पडतात, शाहीर आणि झीलकरी. दहा मुलं कडवं म्हणतात, बाकीची पंचेचाळीस ‘जी जी रं जी’ची झील धरतात. दुसरा गट गात असताना आपली जागा सांभाळायची, वेळेवर उचल घ्यायची, हे समूहगायनातलं खरं अवघड काम इथे हसतखेळत होतं. स्वरलेखन सातवीपासूनच सुरू करा, आणि शाळाभर एकच पद्धत ठेवा. भातखंडे पद्धतीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराला खाली टिंब आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वराला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब म्हणजे मंद्र. एका पुस्तकातून एक गाणं आणि दुसऱ्यातून दुसरं उतरवून दिलंत की मुलांचं सप्तकच उलटं होतं.

आठवी: इथे मुलग्यांचे आवाज फुटू लागतात, त्याबद्दल पुढे. काफी किंवा देस रागाचे स्वर ऐकून ओळखणं, ढोलकी-हलगीचे दोन ठेके, आणि वर्षाच्या उत्तरार्धात एकच मोठं काम: मराठीच्या पाठ्यपुस्तकातली एक कविता घेऊन आठ-आठ मुलांच्या गटाने तिला चाल लावायची. चाली कच्च्या होतील, दोन गट सिनेमाची चाल उचलतील. उचलू द्या. पण मग विचारा की कवितेतला कोणता शब्द तालाबाहेर गेला आणि का.

तासिकेकडे वळू. तीस मिनिटांची उभारणी अशी: मुलं आत येतानाच मोबाइलवर तानपुरा लावून ठेवा, छोट्या स्पीकरला जोडून. ‘शांत बसा’ म्हणण्यापेक्षा हे लवकर काम करतं. पहिली तीन मिनिटं ओठ मिटून गुंजन, ‘सा’वर. पुढची पाच मिनिटं फक्त लय. मग पाच मिनिटं स्वर: तुम्ही तीन-चार स्वरांचा तुकडा गायचा, मुलांनी उचलायचा, आधी सगळ्यांनी, मग रांगेरांगेने. बारा मिनिटं नवं गाणं. शेवटची पाच मिनिटं जुनं गाणं, पूर्ण, मजेत. मुलं वर्गाबाहेर पडताना त्यांच्या तोंडात पूर्ण गाणं असलं पाहिजे. अर्धवट तुटलेली ओळ पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात.

एक, गाण्याचे शब्द लिहून देणं. पंचावन्न मुलांना तीन कडवी फळ्यावरून उतरवायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे अर्धी तासिका. शब्द पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत एकदाच लिहा, तिन्ही तुकड्यांना तोच तक्ता. वहीत उतरवणं घरी किंवा ऑफ तासाला. लहान गाणी तर तोंडीच शिकवा, दोन-दोन ओळींनी. कागद समोर नसला की मुलं तुमच्याकडे बघतात.

दोन, पेटी. बरेच शिक्षक पेटीवर मान खाली घालून पहिल्या मिनिटापासून सगळं वाजवत बसतात. मुलांना त्यांचा चेहरा दिसत नाही, श्वास कुठे घेतला ते कळत नाही, आणि पेटीच्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ती ओरडतात. शिकवताना उभ्या राहा, तानपुऱ्यावर गा, एक हात मोकळा ठेवून स्वरांची उंची हवेत दाखवा. पेटी फक्त सुरुवातीला पट्टी (‘सा’ कोणत्या उंचीवर धरायचा ते) द्यायला आणि शेवटी साथीला.

तीन, लय पळते. पंचावन्न मुलं तळहातांनी टाळ्या वाजवू लागली की प्रत्येक जण शेजाऱ्याची टाळी ऐकून आपली थोडी आधी मारतो आणि मिनिटभरात दादऱ्याची शर्यत होते. दोन बोटांनी तळहातावर हलकी टाळी घ्यायला लावा, मात्रा तोंडाने मोजायला लावा, आणि मेट्रोनोम ॲप मिनिटाला ७२ ते ८० ठोक्यांवर ठेवा. टाळ आणले असतील तर एका वेळी पाच जोड्याच वाटा, बाकीच्यांनी हाताने ताल धरायचा, दर आवर्तनानंतर पुढच्या रांगेकडे टाळ. बंद वर्गात वीस टाळ एकदम वाजले की शेजारच्या वर्गातून निरोप आलाच म्हणून समजा.

आता पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग: ‘निम्म्या मुलांना सूरच लागत नाही.’ हे विधान मी जसंच्या तसं स्वीकारणार नाही. प्रश्न उलटा विचारते: तुम्ही कोणत्या पट्टीत गाता?

तुमची पट्टी पत्रात नाही, पण गायिकांची बहुधा काळी चार किंवा काळी पाच (पेटीवरची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) असते. त्या पट्टीतला मध्य ‘सा’ लहान मुलांच्या आवाजाच्या तळाशी पडतो. त्यात गाण्याची चाल मंद्रात उतरली की मुलांच्या गळ्यातून घरघर निघते. काही जण एक सप्तक वर उडी मारतात, काही जण बोलल्यासारखं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं निम्मा वर्ग बेसूर आहे. पुरुष शिक्षकांच्या वर्गात हे आणखी वाढतं: सर एक सप्तक खाली गात असतात आणि मुलं भाबडेपणाने सरांच्याच आवाजाजवळ जायला बघतात. सरांनी पहिली ओळ वर्गातल्याच एखाद्या मुलीकडून किंवा मुलाकडून म्हणवून घ्यावी, मग आपण साथ द्यावी.

पाचवी-सहावीच्या मुलांचा सुखाचा पल्ला साधारण एका सप्तकाचा आहे. ट्यूनर ॲप (गायलेल्या स्वराचं पाश्चात्त्य नाव दाखवणारं) उघडा, ‘सी ४’ म्हणजे पेटीची मधली पांढरी एक दिसेल तिथून ‘सी ५’ किंवा फार तर ‘डी ५’पर्यंत. ॲपवर बघायला सांगते कारण पेटी-पेटीत फरक असतो. सातवी-आठवीच्या मुलींना वर आणखी एक-दोन स्वर मिळतात. या चौकटीत गाणं बसवायचं, आणि त्यासाठी पट्टी गाण्यागणिक बदलायची. आधी चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा. चाल मध्य सा ते तार सा अशी फिरत असेल तर सा पांढरी एकवर घ्या. मंद्र पंचमापासून मध्य पंचम-धैवतापर्यंत असेल तर सा पांढरी चार. मंद्र प बरोबर ‘सी ४’वर येतो, वरचा ध ‘डी ५’वर. चाल मध्य सा ते तार गंधार अशी लांब असेल तर काळी पाचवर तडजोड होते, तळाचा सा थोडा पुसट येतो, पण वर किंचाळी नाही. पांढरी चारला गाणं तुम्हाला सवयीचं नसेल. हलक्या आवाजात गा. इथे तुमची तालीम दाखवायची नाही, मुलांना नक्कल करता येईल असा साधा, हरकती-मुरक्या नसलेला स्वर द्यायचा आहे. मुरक्या घेतल्यात तर मुलं मूळ स्वर सोडून त्या मुरक्यांचीच धडपड करतात.

फक्त पट्टी बदलून बरीच ‘बेसूर’ मुलं जागेवर येतील. तरी तुकडीत दहा-बारा उरतील. त्यांच्यात बहुतेक वेळा दोन प्रकार सापडतात. काही ओरडणारे: उत्साह भरपूर, ऐकणं शून्य. त्यांना एक कान तळहाताने झाकून गायला सांगा, स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो आणि जोर आपोआप कमी होतो. दुसरे, ज्यांना आपला वरचा आवाजच सापडलेला नाही. ती बोलण्याच्या उंचीवरच गातात. त्यांना गाणं देऊ नका, हाक मारायला लावा: मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मित्राला मारतात तशी, लांब, ‘एऽऽ’. हाक आपसूक वर जाते. तो स्वर पकडायला लावा, तुम्ही पेटीवर तो शोधा आणि त्यालाच सा माना. म्हणजे मुलाने तुमच्या सुरात येण्याऐवजी तुम्ही त्याच्या सुरात जायचं. तिथे ‘सा रे सा’, जमलं की ‘सा रे ग रे सा’, मग अर्धा स्वर वर किंवा खाली सरका. दर तासिकेला, बाकीचा वर्ग तक्त्यावरून शब्द वाचत असताना, दोन मुलांना दोन-दोन मिनिटं. दिवाळीपर्यंत अकरा तासिका झाल्या तर दहा-बारा मुलांकडे प्रत्येकी दोनदा बघून होतं.

या मुलांची जागा शेवटच्या बाकावर ठेवू नका. सुरात पक्की असलेली दोन मुलं निवडा, हे मूल त्यांच्या मधोमध बसवा. आणि ‘तू फक्त ओठ हलव’ हे वाक्य शाळेत कोणालाही, गॅदरिंगच्या आदल्या दिवशीसुद्धा, म्हणू देऊ नका. हे ऐकलेलं मूल पुढे कित्येक वर्षं तोंड उघडत नाही.

आवाज फुटणाऱ्या मुलग्यांचं: हे बारा ते पंधरा या वयात कधीही सुरू होतं, वर्गात पाच जण पुढे, पाच जण मागे. त्यांचा पल्ला काही महिने चार-पाच स्वरांचाच राहतो आणि मधूनच आवाज तुटतो. वर्गासमोर एकट्याने गायला लावू नका, वर ताणायला तर मुळीच नाही. त्यांना एक सप्तक खाली गाऊ द्या, झील द्या, एकाच स्वरावर धरून ठेवायचा आधार-सूर द्या, ढोलकी आणि हलगी द्या. गाणं बंद करू नका. थोडं आणि हलक्या आवाजात चालू राहिलं तर आवाज बसल्यावर ती परत गातात. सहा महिने बाहेर बसवलेली सहसा परत येत नाहीत.

गॅदरिंगकडे येऊ. ‘नोव्हेंबरपासून सगळं गॅदरिंगने खाल्लं’ असं तुम्ही लिहिता, पण ते खाल्लं गेलं याचं कारण कार्यक्रम वर्गाच्या बाहेरून आणला होता: नवी गाणी, निवडक मुलं, वेगळी तालीम. यंदा संगीताचा भाग वर्गात झालेल्या गाण्यांतूनच काढा. पाचवीचा भोंडला, सहावीचे टाळांसह अभंग, सातवीचा पोवाडा, आठवीने स्वतः चाल लावलेली कविता. मिळून वीस मिनिटं. गाणी जूनपासून चाललेली असल्याने तुम्हाला फक्त उभं राहणं, येणं-जाणं आणि माइक यांची दोन आठवडे तालीम लागेल. सगळी सहाशे-साडेसहाशे मुलं मंचावर मावणार नाहीत हे उघड आहे. मंचावर तुकड्यांतून चिठ्ठ्या टाकून चाळीस, बाकीची मैदानात आपापल्या जागी उभी राहून ध्रुवपदाला गातील. चिठ्ठ्या टाकायचं ऐकून मुख्याध्यापक दचकतील. पण जूनपासून सगळे तेच गात आले असतील तर चिठ्ठीतून आलेली चाळीस मुलंही वाईट गाणार नाहीत, आणि तुमच्या अभ्यासक्रमाची खरी परीक्षा हीच. माइक दोन पुरेत, मुलांपासून चार-पाच फुटांवर, डोक्यापेक्षा वर. प्रत्येकाच्या तोंडाशी माइक गेला की दोनच गळे ऐकू येतात.

कराओकेला मी सरसकट नाही म्हणणार नाही. अडचण गाण्याच्या निवडीत आणि पट्टीत असते. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, आणि पुरुष गायकाचं गाणं दहा वर्षांच्या मुलाला एकतर फार खाली नाहीतर फार वर जातं. बऱ्याच ॲपमध्ये पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकवता येते, तीन-चार पायऱ्यांपर्यंत आवाज फारसा विचित्र होत नाही. इयत्तेला वर्षात एक सिनेमाचं गाणं, शब्द तपासून, पट्टी बदलून, दुसऱ्या सत्रात. पालकांना एवढं पुरतं. आणि कराओकेवर लय यंत्राची असते, मुलांना ती धरून ठेवावी लागत नाही, हे लक्षात असू द्या. त्या गाण्यावर तालाचा तास झाला असं धरू नका.

परीक्षेबद्दल थोडक्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तुम्ही स्वतः दिल्या असतील, तर प्रारंभिकला एकेका मुलाला किती वेळ द्यावा लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षकासमोर मूल एकटं गातं. ५५ जणांच्या वर्गात आठवड्याच्या एका तासिकेत ही तयारी होत नाही, आणि जबरदस्तीने करायला गेलात तर पुन्हा गेल्या वर्षीचा ऑगस्ट येईल. मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा: शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास, ८ ते १२ मुलांचा स्वतंत्र गट, स्वतःहून येणारा, पालकांच्या संमतीने. वर्गाचा अभ्यासक्रम आणि हा गट यांचे कागद वेगळे. गटात येण्यासाठी आवाजाची चाळणी लावू नका, नेमाने येण्याची अट लावा.

सामान: नवं फार लागत नाही. एक पेटी, एक ढोलकी, टाळांच्या दहा जोड्या, चार-सहा खंजिऱ्या, एक ब्लूटूथ स्पीकर. पेटी पावसाळ्यात दमट हवेने बिघडते: पट्ट्या फुगून अडकतात आणि एखादा स्वर दाबल्याशिवाय वाजत राहतो, आतल्या पितळी सुरांवर धूळ-ओल बसून एखादा मुका होतो. ती व्हरांड्यात ठेवू नका, उन्हातही वाळवू नका, लाकूड तडकतं. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रोज पाच मिनिटं कोणीतरी वाजवा. जूनमध्ये एकदा भाता तपासा: भाता पूर्ण भरून कोणतीही पट्टी न दाबता सोडा. काही सेकंदांतच तो बसला तर गळती आहे, दुरुस्तीला तेव्हाच पाठवा. गॅदरिंगच्या तोंडावर कारागीर मिळत नाही.

एक जागा तुमच्या पत्रात आलीच नाही: परिपाठ. रोज होतो आणि सगळी शाळा हजर असते. त्यातली तीन मिनिटं मागून घ्या. महिन्याला एक प्रार्थना किंवा समूहगीत, म्हणजे वर्षाला आठ-नऊ, वर्गाच्या तासिकेला हात न लावता. आधी राष्ट्रगीत दुरुस्त करा. ते ५२ सेकंदांत व्हायला हवं. बहुतेक शाळांत रेंगाळतं, कारण सुरुवात कोणीतरी मनाला येईल त्या उंचीवर करतं. राष्ट्रगीताची चाल मंद्र नी ते तार सा अशी आहे. खाली सुरू केलं तर पुटपुटणं होतं, वर सुरू केलं तर शेवटाकडच्या ‘जय हे’ला मुलं ओरडतात किंवा गप्प होतात. सा पांढरी एक किंवा काळी एकवर. मोबाइलवरून स्वर देऊन ‘जन गण’ उचलायची जबाबदारी आठवीच्या दोन मुलांवर आठवड्याच्या पाळीने द्या. राज्यगीतालाही हीच शिस्त, पट्टी आधी एकदा तपासून ठरवा.

नोंदींची धास्ती घेऊ नका. कला विषयाच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनासाठी प्रत्येक तुकडीची एक हजेरीसारखी यादी आणि तीन रकाने पुरेत: हाताने लय धरतो का, गटात सुरात राहतो का, दोन गाणी न बघता म्हणतो का. दर तासिकेला एका रांगेतल्या सहा मुलांकडे लक्ष ठेवा आणि खूण करा. सत्रात प्रत्येक मूल एकदा तरी नजरेखालून जातं. एकट्याने उभं करून गाण्याची तोंडी परीक्षा घेऊ नका. तिथे भीतीला गुण मिळतात.

मुख्याध्यापकांकडे जाताना वीस पानी नियोजन नेऊ नका. एक कागद न्या. वरच्या ओळीत ‘उपलब्ध तासिका २२’ आणि त्याचा हिशोब. खाली चार इयत्तांचे चार रकाने, प्रत्येकात गाणी, ताल, स्वर आणि मार्चअखेरची अपेक्षा. तळाशी गॅदरिंगची वीस मिनिटं आणि प्रारंभिकच्या गटाचे दोन वार. रोजचं टाचण यातूनच निघेल. तिन्ही तुकड्यांना एकच टाचण, पण ‘अ’ तुकडीत जे फसलं ते ‘ब’ला जाण्याआधी समासात पेन्सिलीने लिहा. सुरुवातीच्या दोन महिन्यांत गाणी ठरल्यापेक्षा मागे पडतील. तेव्हा सहावं गाणं सरळ काढून टाका, पाचव्याची घाई करू नका.